वगळलेली पावलं

"माणूस समोर उभा हाय, खोकतोय, तंबाखू मळतोय, आन् ही फरशी म्हणती आलाच न्हाई. उद्या माझ्या मयताला तरी मला हजर धरंल का ही?"

हणमंत धोत्रे हे कुणाला उद्देशून बोलत नव्हता. पण त्याच्यापासून दोन हातांवर सारिका खराडे जमिनीवर पालथी पडून, कानाला नळी लावून काँक्रीटचं ऐकत होती. काँक्रीटच्या आधी तिला हे ऐकू आलं.

"मुकादम, गुडघा दुखतोय का?" तिनं मान न उचलता विचारलं.

"दुखतोय की. चार दिस झालं."

"म्हणून. तुम्ही लंगडताय. फाटकातल्या भुईला तुमची चाल ओळखू येईना. दुपारी तुम्हाला चालवून घेते पुन्हा, नवी चाल नोंदवू."

"म्हंजी आता गुडघ्याचंबी कागद करायचं," मुकादम म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

तामरू बेटांवर भारताच्या राजदूतावासाची नवी इमारत उभी राहत होती. तिथं हजेरीपट नव्हता, अंगठा लावायचं यंत्र नव्हतं. फाटकातून आत आलं की पायाखालची भुईच माणूस ओळखायची. तिच्या काँक्रीटमध्ये केसाहून बारीक काचेचे तंतू कालवलेले होते, आणि त्यांतून सतत उजेड धावत असे. वरून कुणी चाललं, की तंतू किंचित वाकायचे, उजेड किंचित बदलायचा आणि तळघरातल्या यंत्राला कळायचं की हे अमुक माणसाचं पाऊल. वजन, ऊब, थरथर, जवळपासचा धातू, सगळं तिला कळायचं. दिल्लीच्या कागदात तिचं नाव लांबलचक होतं. सारिकानं पहिल्याच महिन्यात तिला 'जाणती भुई' म्हणायला सुरुवात केली आणि पुढं दिल्लीहून येणाऱ्या कागदांतही तेच नाव यायला लागलं. सरकारी नोकरीत तिनं देशाला दिलेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट असावी.

सारिका मूळची तासगावकडची, पदविका झालेली स्थापत्य अभियंता. सोळा वर्षं तिनं जिल्ह्यातल्या रस्त्यांचे खड्डे मोजले. एक्केचाळिसाव्या वर्षी तिनं एक जाहिरात वाचली : परदेशी वास्तू सेवा. देशोदेशी आपले दूतावास बांधायचे आणि बांधून झाल्यावर सांभाळायचे. नळांपासून गुप्त खोल्यांपर्यंत. "म्हणजे परदेशात जाऊन गळके नळ बघणार?" सासूबाईंनी विचारलं होतं. "हो," ती म्हणाली होती, "पण पारपत्रावर." परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि पाच वर्षांच्या परिवीक्षेवर तिला घेतलं. त्या पाच वर्षांतले आता दहा दिवस उरले होते. मग ती कायम होणार होती.

आज ती ज्या खोलीत पालथी पडली होती, तिला सगळे गाभारा म्हणत. इमारतीच्या पोटातली ही खोली राजदूतांनी बंद दाराआड बोलायची. इथं खिडकी नव्हती, आणि चिमूटभरही लोखंड नव्हतं. स्लॅबमधल्या सळ्यासुद्धा दगडाच्या धाग्यांच्या होत्या. धातू असला की त्यातून ऐकता येतं, असं सुरक्षावाल्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा, की इथल्या कामात फक्त भारतीय हात लागतील. तामरूचे कामगार बाहेरच्या भिंती बांधत, बाग करत. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबत.

पाच आठवडे सुकल्यावर गाभाऱ्याची भुई आज पहिल्यांदा जागी केली होती. नळीतून एक संथ गुणगुण येत होती. आग्नेय कोपऱ्याशी ती अडखळली. सारिकानं नळी सरकवली. पुन्हा अडखळली. हातातल्या पडद्यावर अक्षरं उमटली : धातू, तळहाताएवढा, सात इंच खोल.

तिला आश्चर्य वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून तिनं चेहऱ्यावर थोडं आणलं.

"मुकादम," ती हळूच म्हणाली, "मी दगडाचा सांगितला होता."

हणमंतनं तंबाखूची डबी बंद केली. "जतच्या भटजीनं पंचधातूचा दिला. दगडाचा ठिवला असता तर चाललं असतं म्हणा. पण मन घेईना, बाई."

झालं होतं ते असं. या इमारतीची वास्तुशांत करू द्यावी, असा अर्ज मुकादमानं दोनदा दिला होता. उत्तर दोनदा एकच : सरकारी इमारतीत, त्यातून गाभाऱ्यात, असलं काही होणार नाही. उत्तर बरोबरच होतं. पण हणमंतच्या टोळीतल्या नऊ जणांपैकी एकही स्लॅब ओतायला तयार होईना. कुणी नकार दिला नाही, फक्त कुणाला पोटदुखी, कुणाला चक्कर. नऊ माणसांना एकाच सकाळी चक्कर आल्यावर सारिकानं मुकादमाला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मी चहा पिऊन येते. अर्धा तास लागेल. काय ठेवाल ते दगडाचं किंवा लाकडाचं ठेवा."

वास्तुपुरुष हणमंतच्याच पेटीत होता. विमानतळावर त्यानं जकातीच्या अर्जात 'देव, एक' असं खरं खरं लिहिलेलं होतं. अडचण आली सप्तधान्याची. बेटावर बाहेरचं बियाणं आणू देत नाहीत. स्वयंपाकघरात सहा धान्यं निघाली, सातवं काही केल्या मिळेना. तेव्हा हणमंतनं तेविताला हाक मारली.

तेविता तामरूचाच. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बाहेरच्या भिंतींवरचा मुख्य गवंडी. तीन वर्षं मराठी गवंड्यांत राहून तो मराठी बोलायला शिकला होता. त्यातली क्रियापदं बहुतेक हुकमाचीच होती, कारण कामावर त्यानं ऐकली तीच. इमारत उघडली की तोच तिचा इमारतपाल होणार होता. दूतावासानं कायम नोकरीवर घ्यायचा ठरवलेला बेटावरचा तो पहिला माणूस. त्यानं कसलंसं रानटी गवत चोळून मूठभर दाणे काढून दिले. मग हणमंत म्हणाला, "जमीन तुमची हाय बाबा. पयला थापीचा हात तुझा." तेवितानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत गेला, पालथ्या घातलेल्या वास्तुपुरुषावर ओलं काँक्रीट ओढलं आणि थापीनं इतकं सारखं केलं, की नंतर कोपरा कुठला ते सांगता येईना.

"कुनाला बोलू नगंस," हणमंतनं बजावलं होतं.

"नाही बोलणार," तेविता म्हणाला होता.

आणि आता भुई बोलली होती. तिचं निरीक्षण थेट दिल्लीला जात असे; सारिकाला ते पुसता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सुरक्षा अधिकारी भसीन विमानानं आले. सारिकाला वाटलं होतं, माणूस करडा असेल. निघाला मऊ. मऊ हिंदीत बोलायचा, चहाबरोबर तिनं काढलेला चिवडा शेंगदाणे वेचून वेचून खायचा आणि प्रत्येक प्रश्नाआधी माफी मागायचा.

"खोदून बघू या का, साहेब?" तिनं स्वतःहून विचारलं. खोदलं की सगळं आपोआप बाहेर येणार होतं, कुणी काही न बोलता.

"माफ करा, खराडेजी, ते शक्य नाही. तिथले तंतू तुटले तर अख्खी इमारत बहिरी होईल. दिल्लीनं ठरवलंय, खोली कायमची बंद करायची. बोलायची खोली वरच्या मजल्यावर नेऊ." त्यांनी एक शेंगदाणा उचलला. "वस्तू काय आहे, ते आपल्याला कधीच कळणार नाही बहुतेक. पण कुणी ठेवली ते कळेल."

"ते कसं?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी सारिकाला माहीत नव्हती. बनवणाऱ्यांनाही गेल्याच वर्षी कळलेली. भुई जागी करायच्या आधीही झोपलेली नसते. काँक्रीट ओलं असताना त्यावर जो जो पाय पडतो, त्याच्या दाबानं आतले तंतू वाकतात आणि काँक्रीट घट्ट झालं की तसेच वाकलेले राहतात. थरामागून थर. जागी झाल्यावर ते वाकणं वाचता येतं. भसीनसाहेब त्याला 'पहिली आठवण' म्हणत.

"तान्ह्या मुलासारखं," ते जरासे लाजून म्हणाले.

ती आठवण वाचायला दोन दिवस लागले. सारिकानं त्या दोन दिवसांत मुकादमाची नवी चाल नोंदवली, पाण्याच्या टाकीचा गळका सांधा बदलून घेतला, नवऱ्याशी फोनवर भेंडीच्या भाजीबद्दल बोलली. तिसऱ्या दिवशी भसीननी तिच्यापुढं कागद ठेवला.

वरती एकच नाव होतं. परवानगी नसलेलं पाऊल, अनवाणी : तेविता. आग्नेय कोपऱ्यात, नऊ मिनिटं.

आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात : परवानगी असलेली पावलं वगळली, माणसं अकरा.

सारिकानं ती ओळ दोनदा वाचली. मुकादम आणि त्याची माणसं मिळून दहा. अकरावं कोण, हा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. ती चहाला निघाली होती हे खरं. दारापर्यंत गेलीही होती. मग परत फिरली, चिमूटभर अक्षता टाकल्या आणि मगच गेली. पाच आठवड्यांत तिनं स्वतःलासुद्धा ती परत फिरलेली पावलं सांगितली नव्हती. भुईला ती माहीत होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"हे वगळलेले..." तिनं तोंड उघडलं.

"ते तर आपलेच," भसीन म्हणाले. "यंत्र आपल्यांना मोजत नाही. तसं सांगितलेलंच नाही त्याला." आणि त्यांनी चिवड्याच्या वाटीत पाहिलं. वाटीत शेंगदाणे संपले होते, तरी ते बराच वेळ पाहत राहिले.

दुपारी ती मुकादमाला शोधत गेली. तो टोळीबरोबर जेवत होता. तिला पाहून नऊच्या नऊ माणसं आमटीत भाकरी कुस्करण्यात गुंतली.

"ऐकलंय म्या," हणमंत तिला बाजूला नेऊन म्हणाला. "वाईट झालं. लई वाईट."

"मग?"

"मग काय, बाई? आपुन तोंड उघडलं तर धाच्या धा मानसं घरी. पुन्हा परदेशाचा शिक्का मिळायचा न्हाई कुनाला. त्यात दोघांची लग्नं ठरल्यात. तुमची तर नोकरीच जायची." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "आन् तेविताचं काय, त्याला कुठं धाडणार हायत? तो हितलाच. आपल्या घरीच जाईल."

"मान खाली घालून जाईल, मुकादम."

हणमंत वाकून गुडघा चोळू लागला.

"दगडाचा ठेवला असता..." सारिका म्हणाली.

"चहाला सरळ गेला असता तर तुमीबी सुटला असता," हणमंत वर न पाहता म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं.

तेविताची फाटकातली ओळख सकाळीच काढून टाकली होती. भुई त्याला आत घेत नव्हती. उंबऱ्यावर पाय ठेवला की दार मिटायचं. तरी तो घरी गेला नव्हता. बाहेरच्या विलायती फणसाच्या सावलीत थर्मास घेऊन बसला होता आणि आतल्या भिंतीवर कुणी गिलावा चुकीचा करत असलं की तिथूनच ओरडून सांगत होता, "वरून घे! वरून!"

"बाई, ये. बस. चहा पी," तो म्हणाला.

ती बसली. चहात आलं होतं, मराठी पद्धतीचं, जरा जास्तच.

"तेविता, तू त्यांना सांगत का नाहीस?"

"मुकादम मामा बोलला, नको सांगू. मी बोललो, नाही सांगणार."

"पण आता सगळं तुझ्यावर आलंय."

"हो." तो थोडा वेळ शब्द शोधत राहिला. "बाई, देव तुमचा. मी सांगितला तर चोरी होते. मामानं सांगितला, बाईनं सांगितला, तर चोरी नाही."

"तुला राग नाही येत?"

"येतो," तो म्हणाला आणि तिचा पेला पुन्हा भरला. "बायको जास्त येतो. बायको बोलली, त्यांची माणसं तुला भाऊ बोलतात ना, बघ आता. मी बोललो, थांब. तीन दिवस थांब."

"बघते मी," सारिका म्हणाली.

'बघते' हा शब्द तिनं सोळा वर्षं खड्ड्यांबद्दल वापरला होता. त्यानं कुठला खड्डा भरून आल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी अकरा वाजता जबाबासाठी चौघं बसले, तळमजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत. भसीन, तेविता, साक्षीला मुकादम, आणि इमारतीची अधिकारी म्हणून सारिका. जबाबाखाली तिचीही सही लागणार होती. खिडकीतून समुद्राचा एक निळा तुकडा दिसत होता आणि बाहेर कुणीतरी फरशी घासत होतं.

"माफ करा," भसीन तेविताला म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही ऐका. समजलं नाही तर थांबवा." कागद छोटा होता. तेविता परवानगीशिवाय गाभाऱ्यात शिरला. त्यानं तिथं एक धातूची वस्तू पुरली. उद्देश सांगायला त्यानं नकार दिला. त्याच्या सरकारकडं तक्रार केली जाणार नाही, मात्र यापुढं कुठल्याही भारतीय दूतावासात त्याला काम मिळणार नाही.

"तुम्ही आत गेला होता?"

"हो. पाय माझे."

"वस्तू काय आहे?"

"नाही बोलणार."

"कुणी सांगितलं होतं ठेवायला?"

तेवितानं मुकादमाकडं पाहिलं नाही. सारिकाकडंही पाहिलं नाही. समुद्राच्या तुकड्याकडं पाहत राहिला, आणि तो कुणाकडं पाहत नाही हे खोलीतल्या बाकी तिघांनाही दिसलं.

"नाही बोलणार."

भसीननी सुस्कारा सोडला. अजून काही सेकंद वाट पाहिली. खरं तर गरजेपेक्षा जास्त. त्यांनी एकदा हणमंतकडं पाहिलं, एकदा सारिकाकडं. मग पेन तेविताकडं सरकवलं. "इथं सही. त्याखाली खराडेजी."

तेवितानं पेन उचललं. थापी धरावी तसं धरलं.

"बाई..." हणमंत म्हणाला. थांबवायला म्हणाला की ढकलायला, हे तिला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

सारिकाच्या डोक्यात उरलेले मोजके दिवस होते, तासगावचं घर होतं, सासूबाईंचा आवाज होता. आणि ती असा विचार करत होती, की या जबाबावर तिनं न वाचता सही केली असती तर किती सोपं झालं असतं. तिच्या खात्यात कित्येक जण तसंच करतात आणि सुखानं निवृत्त होतात.

तिनं हात पुढं करून तेविताच्या सहीच्या जागेवर तळवा ठेवला.

"साहेब, हे खोटं आहे."

"कुठला भाग?" भसीननी विचारलं. आवाज तसाच मऊ होता, पण ते पुढं झुकले होते.

"तुम्ही याला विचारलंत. यंत्रालाही याचंच विचारलंत. आम्हाला कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं नाही म्हणून आम्हाला किती बरं वाटलं, साहेब." तिनं श्वास घेतला. "तो वास्तुपुरुष आहे. घराचा देव. आम्ही ठेवला. मुकादमांनी, त्यांच्या नऊ माणसांनी, आणि मी. मी चहाला सरळ गेले नाही, आधी अक्षता टाकल्या. याला आम्हीच आत बोलावलं, कारण जमीन याची होती. यानं चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन आमचा देव झाकला. आणि गेले तीन दिवस हा आमच्यासाठी गप्प बसलाय, आणि आम्ही याला चोर ठरू देतोय. कुणाचा पाय कुठं पडला ते सगळं तुमच्या भुईला कळतं. पण तीन दिवस याच्याकडं न बघता इथं वावरणारे आम्हीच खरे चोर, हे तिला कसं कळायचं?"